घोडा सांगतो पिस्तुलाचे वय

घरातले वडीलधारे माणूस गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी माळा आवरायला काढतात. इंग्लंड, अमेरिका किंवा जर्मनीतल्या एखाद्या घरात अशा वेळी जुने कोट आणि पत्रांचे गठ्ठे यांच्या खालून कधी कधी एक विचित्र आकाराची लाकडी पेटी निघते. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. रुंद टोकाला बिजागरीचे झाकण आणि निमुळत्या टोकाला लोखंडी खाचेचा तुकडा. झाकण उघडले की आत पिस्तूल. त्याची मूठ नेहमीच्या पिस्तुलासारखी चपटी नसते. ती गोलसर असते, थेट झाडूच्या दांड्यासारखी. लाकडी पेटी ही नुसती पेटीही नसते. तिचे निमुळते टोक मुठीच्या मागच्या खाचेत सरकवले की पिस्तुलाची छोटी बंदूक होते आणि ती खांद्याला लावता येते.

अशा वेळी घरात दोनच प्रश्न विचारले जातात. हे किती जुने? आणि याचे किती येतील? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठ्याने विचारला जातो, हे सांगायला नकोच. उत्साही मंडळी उत्तराची वाट न पाहता पॉलिश पेपर आणि पितळ उजळायची पावडर घेऊन बसतात, आणि तासाभरात आजोबांची ठेव निम्म्या किमतीची करून ठेवतात. ते कसे, हे पुढे येईलच. आधी ही वस्तू काय आहे ते पाहायला हवे.

हे माउझर कंपनीचे 'सी ९६' पिस्तूल. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, नेकार नदीच्या काठी ऑबर्नडॉर्फ नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या माउझर कारखान्यात फीडेर्ले आडनावाचे तीन भाऊ काम करत होते: फिडेल, फ्रीडरिश आणि योसेफ. आपल्या आपण काडतूस भरून घेणाऱ्या पिस्तुलाची कल्पना या तिघांची. १८९५ च्या मार्चमध्ये त्यांचा पहिला नमुना तयार झाला. पेटंट मात्र निघाले ते मालक पॉल माउझर यांच्या नावाने. कारखान्यांची रीत जगभर सारखीच! १८९६ पासून उत्पादन सुरू झाले आणि १९३७ पर्यंत या जातीची सुमारे दहा लाख पिस्तुले तयार झाली. त्याची जुळणी इतकी नेटकी होती की मुठीच्या लाकडी पट्ट्या आवळणारा स्क्रू सोडला, तर यंत्राचा बाकी एकही भाग स्क्रूने बसवलेला नाही. सुटे भाग एकमेकांत अडकून बसतात, लाकडी कोड्यासारखे.

गंमत अशी की खुद्द जर्मन लष्कराने हे पिस्तूल आपले नेहमीचे शस्त्र म्हणून कधी घेतलेच नाही. १९०८ मध्ये त्यांनी पसंती दिली ती ल्युगर पिस्तुलाला. त्यामुळे माउझरला जगभर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले. तुर्कस्तानच्या सुलतानाने एक हजार घेतली, इटलीच्या नौदलाने पाच हजार. इराणसाठी केलेल्या पिस्तुलांवर सिंह आणि सूर्याची मुद्रा उठवली गेली. सगळ्यात मोठी बाजारपेठ मिळाली चीनची. तिथे या लाकडी पेटीमुळे त्याला 'पेटीतली तोफ' असेच नाव पडले. शिवाय ब्रिटिश फौजेतले तरुण अधिकारी ते स्वतःच्या पैशांनी विकत घेत.

त्यातल्याच एका अधिकाऱ्याची हकिगत मुंबईपासून सुरू होते. १८९६ च्या ऑक्टोबरात विन्स्टन चर्चिल हा एकवीस वर्षांचा घोडदळाचा अधिकारी बोटीतून ससून डॉकच्या पायऱ्यांशी आला. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी त्याने धरली, तेवढ्यात लाटेबरोबर होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधल्या ओमडुर्मनच्या लढाईत घोडदळाने चाल केली, तेव्हा या खांद्याच्या भीतीने त्याने तलवार म्यानात घातली आणि लंडनहून घेतलेले नवे माउझर हातात धरले. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ही गोष्ट स्वतःच नोंदवून ठेवली आहे. मुंबईच्या धक्क्यावरची ती कडी जरा पक्की हाताला लागली असती, तर माउझरला इतका प्रसिद्ध गिऱ्हाईक कदाचित मिळाला नसता.

तर असे हे पिस्तूल. आता त्याचे वय.

पहिली सूचना जिवाची आहे. बहुतेक पिस्तुलांत गोळ्यांचा कप्पा मुठीतून काढून बाजूला ठेवता येतो. या जुन्या माउझरमध्ये तो चापाच्या पुढे, सांगाड्यातच असतो आणि गोळ्या वरून पट्टीने भरल्या जातात. बाहेरून पाहून पिस्तूल रिकामे आहे की दहा गोळ्या आत बसल्या आहेत, हे कळत नाही. शंभर वर्षांची गोळीही उडू शकते. म्हणून जाणकाराने रिकामे आहे असे पाहून सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मुलांना तर त्या खोलीतही येऊ द्यायचे नाही. अशी पिस्तुले उडवून पाहण्याचा मोह परदेशातल्या मालकांना होतो, पण मुरलेले संग्राहक त्याला विरोध करतात. माउझरच्या ७.६३ मिलिमीटरच्या काडतुसासारखेच दिसणारे रशियन बनावटीचे ७.६२ चे काडतूस बाजारात असते. ते यात जवळजवळ बसतेही, पण त्याचा जोर जास्त असतो. जुने पोलाद तो झेपवील याची हमी नाही.

वय शोधणारा माणूस आधी नंबर पाहतो. तो सांगाड्यावर आणि नळीच्या मागच्या भागावर ठोकलेला असतो. ढोबळ हिशोब सोपा आहे. नंबर लहान तितके पिस्तूल जुने. पहिल्या महायुद्धाच्या काळातले नंबर तीन-चार लाखांच्या घरात आहेत आणि १९३० नंतरचे आठ लाखांच्या पुढे. नेमक्या तारखेसाठी मात्र कारखान्याचे दप्तर हवे, आणि ते आता नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच फौजांनी ऑबर्नडॉर्फ ताब्यात घेतले. यंत्रे उचलून नेली गेली, पुढे कारखाना पाडला गेला आणि कागदपत्रे नष्ट झाली. कोणत्या दिवशी कोणता नंबर कोणाकडे गेला, हे सांगणारी वही राहिली नाही. आज संग्राहकांच्या पुस्तकांतून जे तक्ते छापलेले असतात, ते शिल्लक राहिलेली असंख्य पिस्तुले तपासून, त्यांचे नंबर आणि बारकावे शेजारी शेजारी मांडून तयार केलेले आहेत. एखाद्या घराण्याची वंशावळ जळून गेल्यावर चेहऱ्यांवरून नाती जुळवावीत, तसा हा प्रकार.

या चेहऱ्यातले नाक म्हणजे घोडा. चाप ओढला की मागून जो आपटतो, तो घोडा. अगदी पहिल्या पिस्तुलांचा घोडा दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांनी वर निघालेल्या शंकूसारखा आहे. तो दिसला की पिस्तूल एकोणिसाव्या शतकातले, असे समजायला हरकत नसते. १८९९ च्या सुमाराला शंकू गेला आणि मोठ्या भोकाचे कडे आले. १९०४-०५ च्या सुमाराला कडे लहान झाले. पहिल्या महायुद्धाच्या आसपास नव्या पद्धतीची सेफ्टी बसवायला सुरुवात झाली आणि घोड्याच्या पाठीवर 'एन' आणि 'एस' ही अक्षरे एकमेकांत गुंतवून कोरली जाऊ लागली. 'नवी सेफ्टी' या अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. म्हणजे नंबर झाकून ठेवला आणि फक्त घोडा दाखवला, तरी जाणकार दहा-बारा वर्षांच्या आत वय सांगू शकतो.

घोड्यानंतर सांगाड्याची बाजू पाहतात. बहुतेक पिस्तुलांवर ती कोरून खोलगट केलेली असते. एकोणिसावे शतक संपता संपता काही काळ मात्र ती सपाट ठेवली होती. मुठीच्या लाकडावरच्या आडव्या खाचांची संख्याही वेळोवेळी बदलली, म्हणून लोक भिंग घेऊन त्या मोजत बसतात. नळीची लांबी पाहतात. नेहमीची नळी १४० मिलिमीटरची, आणि १९२० नंतर ९९ मिलिमीटरची आखूड नळी बरीच दिसू लागते. या आखूड पिस्तुलांना बाजारात 'बोलो' म्हणतात. बोल्शेविकांच्या हाती ती पुष्कळ दिसत, म्हणून ते नाव.

इथवर सगळे सरळ वाटते. खरी फसगत पुढे आहे.

१९१६ मध्ये युद्धाच्या ओढाताणीत प्रशियाच्या सरकारला ल्युगर पिस्तुले पुरेनात, तेव्हा त्यांनी माउझरकडे दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली. अट अशी की त्यात लष्कराचे नेहमीचे ९ मिलिमीटरचे काडतूस बसले पाहिजे. आता एकाच रूपाची दोन पिस्तुले आणि काडतुसे मात्र वेगवेगळी. खंदकात गोंधळ उडू नये म्हणून नव्या पिस्तुलांच्या मुठीत मोठा ९ चा आकडा कोरून त्यात लाल रंग भरला गेला. संग्राहक यांना 'लाल नऊ' म्हणतात. या मागणीसाठी कारखान्याने नंबर पुन्हा एकपासून सुरू केले. त्यामुळे एखाद्याच्या हाती २,५०० नंबरचे पिस्तूल येते आणि तो ते १८९७ चे समजून हरखून जातो. प्रत्यक्षात ते १९१६ चे असते. घोडा पाहिला असता तर क्षणात कळले असते.

दुसरी फसगत १९२० या आकड्याची. काही पिस्तुलांवर १९२० असे स्पष्ट ठोकलेले असते आणि घरचे लोक सांगतात, 'हे वीस सालचे.' पण तो जन्माचा दाखला नाही. पहिले महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले. शस्त्रे गोळा करण्याचे हुकूम निघाले आणि जी शस्त्रे सरकारी म्हणून अधिकृतपणे ठेवायची होती, त्यांच्यावर १९२० चा शिक्का मारला गेला. ल्युगर पिस्तुलांवर तर कित्येकदा १९१७ आणि १९२० अशी दोन साले एकाखाली एक दिसतात. पहिले जन्माचे, दुसरे सरकारजमा ठरल्याचे. ज्या माउझरवर हा शिक्का आहे त्याची नळीही बहुधा तहाच्या मर्यादेत बसावी म्हणून कापून ९९ मिलिमीटर केलेली असते. एका पराभवाची मापे त्या लोखंडात अशी उतरली आहेत.

तिसरी फसगत म्हणजे ते माउझरच नसणे. १९१९ मध्ये परकीय सत्तांनी चीनला शस्त्रे विकण्यावर बंदी घातली, पण पिस्तुले त्यातून निसटत होती. पिस्तूल आणि वर लाकडी पेटी म्हणजे जवळजवळ बंदूकच, हे तिथल्या लढवय्या सरदारांच्या चटकन लक्षात आले. मागणी इतकी वाढली की स्पेनमधल्या गेर्निकाच्या आस्त्रा कारखान्याने तशाच रूपाचे, पण आतून निराळे पिस्तूल काढले. चीनच्या शान्शी प्रांतातल्या शस्त्रागाराने आणखी मोठ्या काडतुसाचे बनवले. छोट्या कारखान्यांतून तर हातघाईने घडवलेल्या नकला निघाल्या. त्यांच्यावरची जर्मन अक्षरे वाचायला गेले की शब्दच लागत नाहीत, कारण ज्याने ती कोरली त्याला ती वाचता येत नव्हती. अर्थात नकल म्हणून ती फेकून द्यायची असे नाही. शान्शीचे अस्सल पिस्तूल आज साध्या माउझरपेक्षा महाग जाते, आणि म्हणून आता त्याच्याही नकला निघाल्या आहेत!

आता किंमत. 'जुने तितके महाग' हा समज इथे अर्धाच खरा आहे. अमेरिकेत जुन्या शस्त्रांचा मोठा आणि कायदेशीर बाजार आहे, म्हणून जगातले भाव तिथे ठरतात. अलीकडच्या वर्षांत तिथे महायुद्धकाळातले साधे माउझर, फिरवून पॉलिश केलेले आणि भाग बदललेले, हजार-बाराशे डॉलरच्या आसपास जाते. तेच पिस्तूल मूळ रंगाचे आणि सर्व नंबर जुळणारे असेल, तर त्याच्या दुपटी-तिपटीने. शंकूच्या घोड्याचे चांगल्या अवस्थेतले पिस्तूल त्याहून कितीतरी पुढे.

नंबर जुळणे म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यात प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्या भागाशी जमवलेला असे. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बिनबोभाट बसेलच असे नव्हते. म्हणून लहान लहान भागांवरही त्या पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकत. घोडा, सेफ्टी, आतला खटका या सगळ्यांवर तेच आकडे सापडले, तर ते पिस्तूल कारखान्यातून निघाले तसेच आहे. एक जरी भाग परका निघाला तरी भाव घसरतो. लाकडी पेटीवरही नंबर असे. पिस्तुले आणि पेट्या युद्धाच्या धांदलीत हमखास एकमेकांपासून दुरावत. शंभर वर्षांनी एकाच नंबरची जोडी एकत्र सापडणे म्हणजे कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ भेटण्यासारखे, आणि संग्राहक त्याचे मोल तसेच देतो.

आणि पॉलिश? मूळ पिस्तुलाच्या पोलादावर कारखान्यात चढवलेली निळसर काळी झाक असते. हाताळून हाताळून ती कडेला विरते, तिथे राखाडी, तपकिरी छटा येते. घरच्या माणसाला ती मळकट वाटते. जाणकाराला तीच पाहायची असते, कारण तीत खोटेपणा करता येत नाही. पॉलिश पेपर फिरला की ती झाक जाते. त्याहून वाईट म्हणजे अक्षरांच्या कडा बोथट होतात, बारीक शिक्के पुसट होतात. वय आणि मालकी सांगणारे जे काही असते ते त्या शिक्क्यांतच असते. पुन्हा नवी झाक चढवून आणली तर पिस्तूल दिसायला झकपक होते आणि त्याची संग्राहकाच्या लेखी किंमत सहज निम्मी होते. सुकलेल्या मऊ फडक्याने धूळ पुसणे आणि थोडे हलके तेल, याच्यापलीकडे जाऊ नये, असे संग्रहालयातले लोकही सांगतात.

कागदाचे मोलही मोठे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी जर्मनीतून आठवण म्हणून पिस्तुले घरी नेली. त्यासाठी वरिष्ठांच्या सहीचा परवानगीचा कागद मिळे. पिवळा पडलेला तो चिटोरा पिस्तुलाबरोबर टिकला असेल, तर भाव चढतो. 'आजोबांनी हे एका जर्मन सेनापतीकडून घेतले' ही गोष्ट मात्र प्रत्येक घरात असते आणि कागदाशिवाय तिचा बाजारात एक छदामही मिळत नाही.

वर्षाचा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या कायद्यातच आहे. तिथल्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी तयार झालेले शस्त्र 'पुराणवस्तू' ठरते आणि त्याच्या खरेदी-विक्रीवरची केंद्र सरकारची बहुतेक बंधने सैल होतात. त्यामुळे १८९८ च्या डिसेंबरातले माउझर आणि १८९९ च्या जानेवारीतले माउझर, दिसायला जुळे असले तरी कायद्याने दोन वेगळ्या वस्तू. कारखान्याची ती हरवलेली वही आज सापडली, तर कित्येकांच्या कपाटातल्या पिस्तुलांचे भाव रातोरात वर-खाली होतील.

सर्व नियम मोडणारे एक माउझरही होऊन गेले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात हान सोलो या पात्राच्या हाती जे अंतराळातले शस्त्र दिसते, ते माउझर सी ९६ च्या सांगाड्यावर दुर्बीण वगैरे चढवून केलेले होते. मूळ रूप बिघडवलेले, भाग परके, म्हणजे संग्राहकाच्या हिशोबाने भंगारच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याचा लिलाव झाला आणि ते १०,५७,५०० डॉलरला गेले. ओमडुर्मनला चर्चिलने धरलेल्या माउझरच्या जातभाईंना एवढा भाव स्वप्नातही दिसणार नाही.

भारताचा आणि या पिस्तुलाचा संबंध मात्र चर्चिलपेक्षा फार जवळचा आहे, आणि तिथेही सगळी गोष्ट नंबराभोवतीच फिरते. २६ ऑगस्ट १९१४. कलकत्त्यात शस्त्रांचा व्यापार करणाऱ्या रॉडा कंपनीचा माल बंदरात आला होता. जकातीतून तो सोडवून आणण्याचे काम श्रीशचंद्र मित्र या कारकुनाकडे होते. त्यांनी २०२ पेट्या सोडवल्या. बैलगाड्यांतून कंपनीच्या व्हॅन्सिटार्ट रो येथील गुदामात पोचल्या त्या १९२. उरलेल्या आणतो, असे सांगून मित्र गेले ते गेलेच. एका गाडीवर गाडीवान म्हणून बसलेला माणूस क्रांतिकारकांपैकी हरिदास दत्त होता. हरवलेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. कंपनीने पोलिसांत खबर दिली ती तीन दिवसांनी.

तोपर्यंत पिस्तुले बंगालभर पसरायला लागली होती. ४४ पिस्तुले नऊ निरनिराळ्या गटांकडे गेली. पुढच्या सप्टेंबरात ओडिशातल्या बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांशी लढले, तेव्हा त्यांच्या हातीही माउझर पिस्तुलेच होती. १९१८ साली रौलट समितीने आपल्या अहवालात या चोरीला वेगळी जागा दिली. पेटी मुठीला जोडून हे शस्त्र बंदुकीसारखे खांद्याला लावता येते, हेही समितीने आवर्जून लिहिले. १९१४ च्या ऑगस्टनंतरच्या ५४ प्रकरणांत ही पिस्तुले वापरली गेल्याचे समितीने नमूद केले.

हे त्यांना इतक्या खात्रीने कसे सांगता आले? कारण प्रत्येक पिस्तुलाचा नंबर नोंदलेला होता. एखाद्या छाप्यात, एखाद्या मृताच्या कमरेला माउझर सापडले, की नंबर यादीशी ताडून पाहायचा. तो जुळला की हा माणूस कोणत्या जाळ्यातला, हे पोलिसांच्या लक्षात येई. ऑबर्नडॉर्फच्या कामगाराने नेहमीच्या सवयीने ठोकलेले ते आकडे बंगालमधल्या तरुणांच्या विरुद्ध साक्ष देत होते. अहवाल लिहिला गेला तोपर्यंत ५० पैकी ३१ पिस्तुले सरकारच्या हाती आली होती. १९ आली नव्हती. श्रीशचंद्र मित्र तर पोलिसांना कधीच सापडले नाहीत आणि त्यांचे पुढे काय झाले हे त्यांच्या सोबत्यांनाही नीट कळले नाही.

आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्यात, संस्थानी नोकरीत किंवा फौजेत राहिलेल्या घराण्यात असे पिस्तूल निघाले, तर काय करायचे? इथे परदेशी पुस्तकांतले भाव बाजूला ठेवावे लागतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ते घरात ठेवता येत नाही. आजोबांच्या नावाचा परवाना होता म्हणून नातवाला आपोआप हक्क मिळत नाही. पिस्तूल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि ठेवायचे असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, हा रस्ता. पुराणवस्तू म्हणून कायद्याने सूट दिली आहे, पण ती अशा शस्त्राला, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. नुसते जुने असून भागत नाही. गंजलेले माउझर एखादा कारागीर चालू करू शकत असेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच. शिवाय शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तो कायदा १९७२ चा. त्यामुळे तिकडच्या लिलावाची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही.

भारतात भाव ठरतो तोही निराळ्याच कारणाने. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणे जवळजवळ अशक्य झाले. आधीपासून देशात असलेली पिस्तुलेच परवानाधारकांत फिरत राहिली आणि त्यांच्या किमती फुगल्या. घेणारा बहुधा 'इंपोर्टेड' आहे ना आणि चालते ना, एवढेच विचारतो. घोडा शंकूचा की कड्याचा, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. उलट ते चकचकीत करून दिले तर तो खूश होतो. पॉलिशच्या दुकानात आपल्याकडे किती शिक्के पुसले गेले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

याहून वाईट गोष्ट घडते ती भीतीपोटी. घरात निघालेले पिस्तूल अंगाशी येईल, या धास्तीने कोणी तरी रात्री कानस घेऊन त्याचा नंबर घासून टाकतो. शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे सापडलेली वस्तू प्रामाणिकपणे जमा करणाऱ्या माणसाने हकनाक स्वतःला आरोपी करून घेतलेले असते. आणि एवढे करून नंबर जातो असेही नाही. ठसा मारताना घणाच्या दाबाने आकड्याच्या खालचे पोलादही दाबले जाते, आणि तो दाब वरचा थर घासून काढला तरी आत राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती जागा गुळगुळीत करून तिच्यावर आम्ल लावतात. दाबलेले पोलाद आणि आजूबाजूचे पोलाद आम्लाने सारखे खाल्ले जात नाही, आणि कानस फार खोल गेली नसेल, तर थोड्या वेळाने घासलेल्या जागी जुने आकडे पुन्हा अंधूक दिसू लागतात.